जिनिंगची ‘केस’ कोण लिहिणार?

केस म्हटले की आपल्या वऱ्हाडात दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक धुऱ्याच्या भांडणाची, बापाच्या वेळेपासून तालुक्याच्या कोर्टात चाललेली. अन् दुसरी पोलीस ठाण्यातली. दोन्हींत पैसा लागतो आणि निकालाचा भरवसा नसतो. या दोन्हींहून वेगळी अशी तिसरी एक ‘केस’ असते. एमबीए, कृषी व्यवसाय व्यवस्थापन, सहकार व्यवस्थापन असे अभ्यासक्रम शिकणाऱ्या पोरापोरींना ती लिहावी लागते. अमरावती-अकोल्यात असे शिक्षण आता मिळते आणि आपल्याच खेड्यांतली मुले ते घेतात. सुटीत घरी आलेला मुलगा ‘केस अ‍ॅनालिसिस लिहायचं आहे’ म्हणून खाटेवर कागद पसरून बसला की बापाला वाटते, ही काहीतरी इंग्रजी भानगड आहे. तशी ती नाही. या सगळ्या शिक्षणात गावाच्या कारभाराला सर्वांत जास्त उपयोगी पडेल अशी कोणती वस्तू असेल तर ती हीच, असे माझे मत आहे. दुखणे एवढेच, की ती गावाच्या हाती लागत नाही.

ही पद्धत आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाची व्यवसाय शिक्षणाची शाळा १९०८ साली निघाली. पुढे १९२० च्या दशकात तिथे पुस्तकातले नियम पाठ करून घेण्याऐवजी एखाद्या खऱ्या कारखान्याची खरी अडचण कागदावर मांडून विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचा प्रघात पडला. वकिलीच्या शिक्षणात जुने निकाल वाचून कायदा शिकवत, तीच ही चाल. आपल्याकडे १९६१ मध्ये अहमदाबादची व्यवस्थापन संस्था हार्वर्डच्या मदतीने उभी राहिली आणि तिच्याबरोबर ही पद्धत आली. १९७९ साली आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था निघाली, पुण्यात वैकुंठ मेहता संस्थेत सहकाराचे शिक्षण चालते. म्हणजे दूध, कापूस, सोसायटी हे विषय या शास्त्राला परके राहिलेले नाहीत.

या केसमध्ये असते काय? दहा-पंधरा पानांत एका संस्थेची हकीकत असते. तिचा एक माणूस अडचणीत असतो, त्याला अमुक तारखेच्या आत निर्णय घ्यायचा असतो, आणि त्या दिवशी त्याला जेवढे ठाऊक होते तेवढेच वाचणाऱ्याला सांगितलेले असते. मग विद्यार्थ्याने लिहायचे की, त्या खुर्चीत मी असतो तर काय केले असते आणि का. उत्तर एकच बरोबर असते असे नाही. दोघे उलटसुलट निर्णय देऊन दोघेही पास होऊ शकतात. मार्क मिळतात ते दुखणे नेमके ओळखण्याला, आकडे तपासण्याला आणि ‘हे केले तर ते कसे निभावणार’ हे सांगण्याला.

ग्रामसेवक आणि तलाठी यांना हे समजायला जड जाऊ नये. (त्यांची पदनामे सरकारने अलीकडे बदलली, पण गावाच्या तोंडी जुनीच आहेत, म्हणून तीच वापरतो.) पंचनामा कसा लिहितात? काय दिसले, किती दिसले, कोण हजर होते. त्यात ‘याच्याच आळसाने गोठा पडला’ असे लिहीत नाहीत. केसचा पहिला अर्धा भाग म्हणजे धंद्याचा पंचनामा. दुसऱ्या अर्ध्यात मात्र पंचनामा थांबतो तिथून पुढे जायचे असते: कारण शोधायचे, दोन-तीन वाटा मांडायच्या, त्यातली एक निवडायची आणि तिची जबाबदारी घ्यायची.

आता आपली सवय पाहा. कुठल्याही पारावर विचारा, ‘काहून बावा, तुमची जिनिंग काहून बुडाली?’ उत्तर ठरलेले. ‘खाल्ली ना संचालकायनं!’ झाले, विषय संपला. खाल्ली असेलही. पण किती खाल्ली, कुठून खाल्ली, आणि कोणी एक पैसा न खाता ती चालली असती का, हे कोणी सांगत नाही. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. कारण ती जर प्रामाणिक माणसांच्या हातीही बुडणारच होती, तर उद्या प्रामाणिक माणसे गोळा करून काढलेली नवी कंपनीही त्याच खड्ड्यात जाणार. दोन्ही जिल्ह्यांत सहकारी जिनिंग-प्रेसिंगच्या बंद इमारती लोकांनी पाहिल्या आहेत. पत्रे गंजले, आवारात बाभळी उगवल्या. एवढ्या महागाचे शिक्षण आपण घेतले, पण त्याची वही कुठे आहे?

बरे, पोरे गावात येतातच की. कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहतात, व्यवस्थापनाची मुले प्रकल्पासाठी येतात. त्यांच्या फायली मी पाहिल्या आहेत. पहिली चार पाने गावाचा इतिहास, लोकसंख्या, पर्जन्यमान. मग सरपंचासोबत फोटो. मग एक चौकट, तिला ते ‘स्वॉट’ म्हणतात, म्हणजे बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके. बलस्थानात ‘काळी कसदार जमीन’, उणिवांत ‘शेतकऱ्यांमध्ये जागृतीचा अभाव’, धोक्यात ‘लहरी पाऊस’. शेवटी सूचना: शासनाने लक्ष द्यावे, प्रशिक्षण द्यावे, प्रक्रिया उद्योग उभारावेत. गावाचे नाव खोडून शेजारच्या गावाचे घातले तरी फाईल चालते! अशा फाईलला मार्क मिळत असतील, पण ते केसचे विश्लेषण नव्हे. त्यात कोणाचा निर्णय, कोणत्या दिवशीचा, किती रुपयांचा, हे तिन्ही नसते. मुलांना दोष देऊन भागणार नाही. त्यांना वही दाखवलीच नाही, तर ती पर्जन्यमानच लिहिणार.

यशाची केस लिहायला मात्र सगळ्यांना आवडते. मुंबईच्या डबेवाल्यांवर २०१० साली हार्वर्डने केस काढली. मावळ-जुन्नरकडची ही साधी माणसे जगभरच्या वर्गांत शिकवली जातात, याचा अभिमान वाटावा असेच आहे. पण चांगल्या चाललेल्या धंद्यापेक्षा बसलेल्या धंद्याची केस आपल्याला जास्त शिकवील. आणि तशी एक केस आपल्या घरात पडून आहे. ती आहे कापूस एकाधिकार योजनेची.

कापसाच्या बाजाराला शिस्त लावण्याचा प्रयत्न या भागाला नवा नाही. कापसाची पहिली नियंत्रित बाजारपेठ १८८६ साली कारंज्याला सुरू झाली, आणि १८९७ चा कापूस व धान्य बाजाराचा कायदा खास बेरारसाठीच होता. तरी अडत्या, कटती, वांधा हे सगळे चालूच राहिले. म्हणून राज्याने १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी सुरू झाली. राज्यात पिकलेला कापूस शेतकऱ्याने सरकारी केंद्रावरच घालायचा, व्यापाऱ्याने तो घ्यायचा नाही. भाव हंगामाच्या आधी जाहीर. रुई-सरकी विकून जास्त आले तर त्यातला वाटा बोनस म्हणून शेतकऱ्याला, आणि काही हिस्सा भावातील चढउतारासाठी निधीत. भांडवल उभारणीसाठी चुकाऱ्यातून ३ टक्के कपात. सोसायटीचे कर्जही चुकाऱ्यातूनच वळते व्हायचे. पुढे या कामासाठी कापूस उत्पादकांचा स्वतंत्र पणन महासंघ निघाला.

ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना केंद्रापुढच्या बंड्यांच्या रांगा, ग्रेडरशी होणारी हुज्जत आणि लांबलेला चुकारा आठवत असेल. ही झाली लक्षणे. ताप आला म्हणजे तापच रोग नव्हे, तसे विद्यार्थ्याने इथे थांबायचे नसते. रोग कुठे होता? आधी खुर्च्या मोजा. भाव ठरवणाऱ्या मंत्रिमंडळाची एक खुर्ची. रुई विकणाऱ्या महासंघाची दुसरी. केंद्रप्रमुख आणि ग्रेडर यांची तिसरी. सोसायटीच्या गटसचिवाची चौथी, कारण त्याची वसुली याच चुकाऱ्यावर. आणि पाचवी खुर्ची नव्हे, बंडीवरची बैठक, ती शेतकऱ्याची.

शेतकऱ्याच्या जागी बसून पाहा. पलीकडे मध्य प्रदेशात भाव जास्त आहे. वरुडपासून ती हद्द काही लांब नाही. केंद्रावर कापूस घातला तर सोसायटी आपले कापून घेणार, उरलेला चुकारा कधी येईल ते ठाऊक नाही, आणि पोरीचे लग्न माघात आहे. रात्री गाडी हद्दीपार गेली तर रोख पैसे. तो काय करील? तो चोर नव्हता, त्याचा हिशेब बरोबर होता. उलट ज्या वर्षी बाहेरचा भाव पडलेला, त्या वर्षी परराज्यातला कापूस इकडच्या केंद्रावर येई. म्हणजे योजनेला कापूस कमी मिळायचा तो नफ्याच्या वर्षी, आणि धो-धो यायचा तो तोट्याच्या वर्षी. एकाधिकार नावाचा होता, पण तो हद्दीच्या एकाच बाजूला होता. पूर्ण प्रामाणिक केंद्रप्रमुख नेमला असता तरी हे गणित बदलले नसते. केसचे विश्लेषण म्हणतात ते हे.

आता मंत्रिमंडळाच्या खुर्चीत बसा. १९९० च्या दशकातला एखादा ऑक्टोबर धरा. पेरा किती झाला हे त्यांना ठाऊक आहे. फेब्रुवारीत रुईचा भाव काय असेल हे कोणालाच ठाऊक नाही. निवडणूक जवळ, शेतकरी संघटना रस्त्यावर. अशा वेळी हमीभावाच्या वर ‘आगाऊ अतिरिक्त भाव’ देण्याचा मार्ग निघाला. बोनस म्हणजे विक्री झाल्यावर उरलेल्यातून द्यायचे; आगाऊ भाव म्हणजे उरेल असे धरून आधीच द्यायचे. मंदीच्या वर्षी चढउतार निधी त्याला कुठवर पुरणार? मग राज्याच्या हमीवर कर्ज, त्या कर्जावर व्याज. तोटा हजारो कोटींच्या घरात गेला आणि २००२ साली खासगी खरेदीला वाट मोकळी करून एकाधिकार संपला.

इथे कोणी म्हणेल, मग योजना वाईटच होती. तसे म्हणणेही घाईचे. सरकारी काट्यावर माप मिळाले, मंदीत भावाला तळ मिळाला, गावच्या व्यापाऱ्याची मनमानी काही वर्षे थांबली. या जमेच्या बाजूही कागदावर यायला पाहिजेत, नाहीतर तो लेखाजोखा एका डोळ्याचा. मला विचाराल तर त्या खुर्चीत बसून मी व्यापारी बंद केलाच नसता. त्याला घेऊ दिले असते, सरकारने तळाचा भाव धरून ठेवला असता, आणि तेजीच्या वर्षांचा निधी शेतकरी प्रतिनिधींच्या सहीशिवाय हलणार नाही अशी अट घातली असती. तेजीत सगळा माल व्यापाऱ्याकडे जाईल, निधीत भर कशाने पडणार, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे, आणि त्याचे पुरे उत्तर माझ्याकडेही नाही. दुसऱ्याने वेगळे लिहावे. वाद आकड्यांवर व्हावा, एवढेच म्हणणे.

हे सगळे आज कशाला उकरायचे? कारण एकाधिकार संपला त्या २००२ सालीच कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकरी उत्पादक कंपनीची सोय झाली, आणि २०२० मध्ये केंद्राने देशात १०,००० उत्पादक संघटना उभारण्याची योजना आणली. तिच्यात तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत चालवण्याचा खर्च, आणि सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत, कंपनीला जास्तीत जास्त १५ लाख, असे जोड-भागभांडवल ठेवले. वऱ्हाडात गावोगाव कंपन्या झाल्या. पाट्या लागल्या, संचालक झाले. पुष्कळ ठिकाणी पहिला ठराव एकच: कापूस खरेदी करू, जिनिंग करू, गाठी विकू, मधला नफा आपला. मधला नफा! हा शब्द आपण इतका ऐकला आहे की तो मोजून पाहावा असे वाटतच नाही. चला, मोजू. खालचे भाव हिशेबापुरते धरले आहेत, साधारण २०२४-२५ च्या हंगामाजवळचे. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत.

एक क्विंटल कापूस ७,२०० रुपयांना घेतला. उतारा ३४ धरू. रुई ३४ किलो, सरकी ६५ किलो, एक किलो घट. रुई १५० रुपये किलोने ५,१०० झाले. सरकी ३५ रुपयांनी २,२७५. एकूण ७,३७५. म्हणजे मधला नफा १७५ रुपये! त्यातून जिनिंग-प्रेसिंग जायचे. १७० किलोच्या एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. गाठीमागे १,२५० रुपये खर्च धरला तर क्विंटलला २५०. झाला ७५ रुपये तोटा. वाहतूक, हमाली, विमा अजून धरलेलेच नाहीत. आणि गाठी तीन महिने पडून राहिल्या तर बँकेचे १२ टक्क्यांनी २१६ रुपये व्याज वेगळे.

आता उतारा ३६ निघाला तर? रुईचे ५,४००, सरकीचे २,२०५, मिळून ७,६०५. खरेदी आणि जिनिंग वजा जाता १५५ रुपये उरतात. गाठी महिन्याभरात विकल्या तर ७२ रुपये व्याज जाऊन ८३ हाती लागतात. तीन महिने ठेवल्या तर पुन्हा तोटाच. तेव्हा या धंद्याचा जीव कशात आहे? प्रक्रियेत नाही. तो उताऱ्याच्या दोन किलोत आहे आणि व्याजाच्या दोन महिन्यांत आहे. मुरलेला जिनवाला मूठभर कापूस हातात घेऊन उतारा सांगतो, अन् भाव तसा बोलतो. आपल्या कंपनीत ते सांगणारा माणूस कोण? सर्व सभासदांना सारखाच भाव द्यायचा असे ठरवले, तर ओला आणि कवडीचा कापूस कंपनीकडे अन् पहिल्या वेचणीचा चांगला कापूस व्यापाऱ्याकडे जाणार. तो जास्त देतो ना! एकाधिकारात तेजीचा माल हद्दीपार जात होता, इथे तो कुंपणापार जाईल. एवढाच काय तो फरक.

पैशाचे पाहा. कंपनीचे ५०० सभासद, प्रत्येकाचा हजाराचा शेअर, म्हणजे ५ लाख. जोड-भांडवल तेवढेच धरले तर १० लाख. त्यात ७,२०० च्या भावाने १४० क्विंटलही कापूस येत नाही. आणि प्रकल्प अहवालात लिहिलेले असते ५,००० क्विंटल, १,००० गाठी. त्याला ३ कोटी ६० लाख पाहिजेत. ते कोण देणार, कोणत्या तारणावर देणार, हे त्या अहवालात एका ओळीत असते: ‘बँकेकडून कर्ज उभारण्यात येईल’. शेतकऱ्याला तर चुकारा त्याच दिवशी पाहिजे. किराणा आणि वेचणीची मजुरी थांबत नाही.

तोच विद्यार्थी दुसरी वाट मांडू शकतो. कंपनीने कापूस विकत घ्यायचाच नाही. सभासदांचा माल वेचणीप्रमाणे वेगळा ठेवायला लावायचा, ओलावा गावातच मोजायचा, गाडी एकत्र करायची आणि सीसीआयच्या केंद्रावर न्यायची. तिथे नोंदणी, पीकपेरा, आधार, बँक खाते सगळे शेतकऱ्याच्या स्वतःच्या नावाचे लागते, ती कागदपत्रे कंपनीने हंगामाआधी जुळवून द्यायची. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ होता. गावात व्यापारी ७,००० देतो असे धरू. फरक ५२१. गाडीभाडे-हमालीचे १५०, कंपनीचा मेहनताना ५०, तरी शेतकऱ्याला ३२१ उरतात. मात्र ओलावा आठ टक्क्यांपर्यंतच पूर्ण भाव; दहा निघाला तर दीडशेच्या आसपास कटले, बारावर गेला तर माल परत. म्हणजे इथे यश-अपयश ओलावा मोजण्याच्या हातभर यंत्रावर आले. त्याला कोटी लागत नाहीत. तूर-सोयाबीनला बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेची आणखी एक वाट आहे, ती वेगळी.

ही वाट कायमची असेही नाही. बाजारभाव हमीभावाच्या वर गेला की तिचा उपयोग संपतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. असा निर्णय कंपनीच्या कोणाही संचालकाच्या हातात नसतो. वरुड-मोर्शीच्या संत्रावाल्यांना हे सांगायला नको. बांगलादेशाने शुल्क वाढवत नेले आणि इकडे बागेतला सौदा बसला. केसमध्ये अशा गोष्टी ‘आपल्या हातात नसलेल्या’ म्हणून वेगळ्या लिहायच्या असतात, आणि त्या फिरल्या तर आपण काय करू, तेही लिहायचे असते.

मग ही केस लिहायची कोणी? माझे म्हणणे असे की, महाविद्यालयाने गावात मुले पाठवावीत ती एका प्रश्नासाठी. ‘अमुक कंपनीने यंदा कापूस विकत घ्यावा की नाही’ एवढाच प्रश्न, आणि कंपनीच्या अध्यक्षाला सप्टेंबरात उत्तर पाहिजे. पर्जन्यमान लिहिले तर मार्क कापावेत. दुसरे असे की, लिहिलेली केस मराठीतून गावाला परत मिळाली पाहिजे. आज ती फाईल जाते कपाटात, आणि ज्याच्या ओसरीवर बसून माहिती घेतली त्याला पुन्हा कळतच नाही की आपल्याबद्दल काय लिहिले. हे बरे दिसत नाही. चांगल्या संस्थांत केस छापण्याआधी संबंधिताची लेखी संमती घेतात, पाहिजे तर नावे बदलतात. तेवढी रीत इथेही पाळावी.

गावाकडूनही दार उघडायला पाहिजे. ‘आमच्या वह्या पोरायले काहून दाखवा?’ असे विचारणारे संचालक भेटतात. त्यांना सांगावे की, सहकारी सोसायटीच्या सभासदाला शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्ते आणि आपल्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम ३२ ने दिलेला आहे. विद्यार्थ्याचा बाप सभासद असेल तर त्याने ती पाहावीत. बंद पडलेल्या जिनिंगची कागदपत्रे उंदीर-वाळवीच्या तोंडी जाण्याआधी कोणा निवृत्त गटसचिवाने मुलांना घेऊन बसावे. ठराव बुकात तारीख असते. त्या तारखेला रुईचा भाव काय होता, कर्ज किती होते आणि सभेत कोण काय बोलले, यावरून चार पाने लिहिता येतात. नावे गाळली तरी चालेल. चौकशी नव्हे, समजून घेणे आहे. काही जुनी माणसे अजून हयात आहेत, ती बोलतील. दहा वर्षांनी कोणाला विचारणार?

ग्रामसेवकांना यात एक विनंती. मुले पहिल्यांदा तुमच्याच कार्यालयात येतात. त्यांना लोकसंख्येचा कागद देऊन मोकळे होऊ नका. गावात कोणता निर्णय अडकला आहे ते विचार करून सांगा: गोदाम बांधायचे की भाड्याने घ्यायचे, अवजारे बँकेचा ट्रॅक्टर ठेवायचा की विकायचा, गटाने डाळ मिल टाकायची की तूर तारण ठेवायची. असे चार तरी प्रश्न कुठल्याही गावात निघतील.

कंपनीचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. कापसाची वेचणी जोर धरते ती त्यानंतर. ज्या कंपनीच्या सभेत यंदा ‘कापूस खरेदी करण्यास मंजुरी’ असा विषय असेल, तिथल्या सभासदांनी हात वर करण्याआधी अध्यक्षांना उतारा किती धरला, पैसा कोणाचा आणि किती टक्क्यांचा, आणि शेतकऱ्याचा चुकारा कितव्या दिवशी, हे विचारावे आणि उत्तरे त्याच ठरावाखाली लिहून घ्यावीत. पुढच्या मार्चमध्ये कोणी पोर केस लिहायला आले, तर त्याच्यापुढे ते पान ठेवता येईल.